वावर आढळून आला नाही

नोटिसा घरोघरी पोचल्या आणि दुसऱ्याच दिवशी चिंचखेड नगरपरिषदेच्या दारात लोक सातबारे घेऊन उभे राहिले.

रांग दुसऱ्या मजल्यावरच्या नगररचना विभागापासून जिना उतरून थेट खालच्या सायकलींपर्यंत गेली होती. प्रणोती गावंडे ही त्या विभागाची प्रमुख. गावात कुणी कुठे काय बांधायचं आणि बांधलेल्या घरात काय करायचं, हे नियमाला धरून चाललंय की नाही ते बघणं हे तिचं काम. ती अंग चोरत, रांगेतून वाट काढत वर आली, तोवर एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिच्या टेबलावर आपला उतारा पसरलासुद्धा होता.

"मॅडम, हे पाहा. माह्यं सारं वावर खैरीले हाये. इथी लेआउटमंधी निस्तं घर हाये, दोन खोल्याचं. त्याच्यात वावर कुठून निंगालं?"

"काका, वावर म्हणजे शेत नाही. वावर म्हणजे माणसांची ये-जा, वर्दळ."

"मंग वर्दळ लिहा ना बाप्पा! अन् हे काय लिहिलं, 'मर्यादेपेक्षा जास्त वावर आढळून आला'? आला? वावर कधी येते का? मराठी तं धड लिहा सरकारनं."

मागे हशा पिकला. प्रणोतीलाही हसू आलं, पण ती साहेबाच्या खुर्चीत बसली होती, त्यामुळे तिला ते गिळावं लागलं.

चूक म्हटली तर कुणाचीच नव्हती. मुख्याधिकारी चौबळसाहेब पुण्याकडचे. तिकडे वावर म्हणजे माणसाचं असणं-फिरणं, आणि तो पुल्लिंगी. वऱ्हाडात वावर म्हणजे शेत, आणि ते नपुंसकलिंगी. घराघरातली वर्दळ मोजणाऱ्या नव्या यंत्रणेला इंग्रजी नाव नको, अस्सल मराठी हवं, असा साहेबांचा आग्रह होता आणि त्यांनी हौसेने 'वावर' हे नाव ठेवलं. बैठकीतले बाकी सगळे इथलेच होते, पण साहेब खुशीत असताना मोडता कोण घालणार? प्रणोतीही बोलली नाही. एका शब्दाने काय बिघडतंय, असं तिला वाटलं.

त्यामागचं विज्ञान तसं साधं होतं. इंटरनेटची केबल गावातल्या प्रत्येक गल्लीखाली आधीच पुरलेली होती. केसाएवढ्या बारीक काचेचा तंतू, त्यातून प्रकाश धावतो. पण काच कितीही शुद्ध म्हटली तरी तिच्यात सूक्ष्म खोट राहतेच, आणि त्या प्रत्येक खोटीवर आपटून प्रकाशाचा कणभर भाग उलटा फिरतो. वरची जमीन थरथरली की काच किंचित ताणली जाते, आणि परतणाऱ्या त्या प्रकाशाची लय बदलते. तो किती वेळाने परतला यावरून नेमकी कुठली जागा थरथरली ते कळतं. म्हणजे केबलच्या एका टोकाला लेझर आणि एक यंत्र बसवलं, की अख्खी केबलच कान होऊन बसते. भूकंपाचा अभ्यास करणारे ही युक्ती कधीपासून वापरत होते. नवीन होती ती पुढची पायरी. त्या थरथरीवरून घरात काय चाललंय ते ओळखायला संगणकाला शिकवलेलं होतं. पिठाची गिरणी वेगळी हलवते, लेथ वेगळं, शिकवणीची पोरं एकदम उठली की ते आणखी वेगळं. बोलणं या यंत्राला ऐकू येत नव्हतं. पाय आणि ठोके तेवढे कळायचे. राहत्या घरात रोज बाहेरची किती माणसं यावीत याची मर्यादा ठरवून दिली होती, ती ओलांडली की घर पडद्यावर लाल होई आणि नोटीस निघे.

आणि अशा यंत्राची गरजही होती, हे कबूल केलं पाहिजे. विकास आराखड्यात पिवळा रंग म्हणजे राहण्याची वस्ती, पण चिंचखेडच्या पिवळ्या रंगात काय काय चालायचं ते नकाशाला ठाऊक नव्हतं. एका लेआउटमधल्या, म्हणजे प्लॉट पाडून वसवलेल्या वस्तीतल्या, बंगल्यात तळमजल्यावर गाद्यांचा कारखाना होता. कापसाला आग लागली तेव्हा वर भाड्याने राहणाऱ्या दोन नर्सिंगच्या मुली खाली उतरू शकल्या नाहीत. त्या घराचा पंचनामा प्रणोतीने केला होता. त्या आधी तीन निरीक्षक तिथे जाऊन चहा पिऊन आले होते आणि तिघांनीही 'निवासी' असंच लिहिलं होतं. यंत्राला चहा पाजता येत नाही, म्हणून प्रणोतीचा त्याच्यावर जीव होता. त्याने पहिल्याच आठवड्यात एका नगरसेवकाच्या मेहुण्याची लाकडाची आरागिरणी पकडून दिली, तेव्हा तिने स्वतःच्या हाताने टाळं ठोकलं आणि त्या दिवशी तिला फार बरं वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, उन्हाळ्याच्या भर दुपारी, तिच्या पडद्यावर गणेश लेआउटमधलं एक घर लाल झालं. 'औद्योगिक वापर. जड, एकसारखे ठोके. बाहेरील व्यक्ती नऊ.' घराचा क्रमांक तिला वाचावाच लागला नाही.

ते पंचफुलाबाई गावंडेंचं घर होतं. पंचफुलाबाई म्हणजे प्रणोतीच्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको, तिची मोठी आई. आई गेली तेव्हा प्रणोती परकरातही आली नव्हती. तिची वेणी घालण्यापासून इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला डबा पाठवण्यापर्यंत सगळं या बाईने केलं. स्वतःचं मूल नव्हतं, नवराही लवकर गेला. तिला सगळं गाव पंचफुलाबाई म्हणे आणि प्रणोती मोठ्याई.

ती स्कूटर काढून गेली तेव्हा ओसरीवर कारखानाच चालला होता म्हणा. उडदाच्या पापडाचं पीठ नुसतं मळून भागत नाही, त्याला तेलाचा हात लावून दगडावर मुसळाने कुटावं लागतं. तसा मोठा दगड सगळ्या लेआउटमध्ये मोठ्याईच्याच ओसरीवर. एकीचे पापड सगळ्यांनी मिळून लाटायचे, दुसऱ्या दिवशी दुसरीचे, असा तो उन्हाळाभर चालणारा क्रम. दोघी जणी आळीपाळीने मुसळ हाणत होत्या, बाकीच्या लाटत होत्या आणि सगळ्या एकदम बोलत होत्या.

"ये व पनू! लाटी खाय, ताजी हाये," मोठ्याई म्हणाली.

प्रणोती उभीच राहिली. "मोठ्याई, हे थांबवावं लागेल. इथे औद्योगिक वापर नोंदवला गेलाय."

मुसळ हवेत थांबलं. समोरच्या घरातली रत्नाबाई इंगोले हसायला लागली. "पनुताई, उद्योग कायचा? आज माह्ये पापड, उद्या तायडेबाईचे. इकते कोण?"

"विकत नाही हे मला माहीत आहे. यंत्राला ते कळत नाही."

"मंग तू कायले हायेस?" मोठ्याईने विचारलं.

प्रश्न अगदी सरळ होता, आणि विचारणारीच्या आवाजात रागही नव्हता. प्रणोतीने नियमच पुढे केला. ती म्हणाली, "सुनावणी होईल. तोवर कुटणं बंद ठेवा आणि इतक्या जणी रोज जमू नका. मर्यादा ठरलेली आहे."

"बरं. पण घरात ऑफिसातली बोली नको आणू, पोरी. ओळखू येत नाहीस तू." एवढं म्हणून मोठ्याईने लाटी तिच्या हातावर ठेवली.

खरं तर सूट देणं तिच्या हातात होतं. चौबळसाहेबांनी स्वतःहून सांगितलं, "मॅडम, पाहणी करून घरगुती वापर असं लिहा की. पापडच आहेत." पण आदल्याच दिवशी एका शिंप्याची मशीन तिने बंद करायला लावली होती. तो गयावया करत होता, आणि ती म्हणाली होती, नियम सगळ्यांना सारखा. आता आपल्याच घरासाठी तो वाकवायचा? गाव काय म्हणेल? प्रणोती तत्त्वाची पक्की होती. तत्त्वाच्या माणसाचं असं होतं, की परक्यावर अन्याय होऊ नये म्हणून तो पहिला अन्याय घरच्यांवर करून मोकळा होतो आणि वर त्याला समाधानही वाटतं.

तिने सूट दिली नाही. सुनावणीची तारीख पुढे गेली, मग आणखी पुढे गेली.

इकडे गाव बदलत होतं. प्रत्येक घराचा रोजचा वावर मालकाच्या फोनवर दिसे, हिरवा, पिवळा किंवा लाल. त्यामुळे दार उघडण्याआधी लोक फोन बघायला लागले. "या ना" म्हणणारी माणसं "उद्या आलात तर बरं होईल, आज आमच्याकडे पाव्हणे झाले" असं म्हणू लागली. बारशाला पाळीपाळीने बोलावणी गेली. कुणाकडे माती झाली तरी भेटायला येणारे फाटकातूनच हात जोडून परतू लागले, कारण दुःखाच्या घरी नोटीस यायला नको. संध्याकाळी ओट्यावर बसणाऱ्या बायका आत गेल्या. भांडणं कमी झाली, आवाज कमी झाला, वाहतुकीची कोंडी तर नाहीशीच झाली. राज्यात चिंचखेडला बक्षीस मिळालं. चौबळसाहेबांनी पेढे वाटले आणि प्रणोतीने खाल्ले.

मोठ्याईच्या ओसरीवरही कुणी येईनासं झालं. त्या घरावर एकदा लाल शिक्का बसला होता, तेव्हा तिथे जायचं तर दहादा विचार करावा लागे. रत्नाबाई सुरुवातीला कुंपणावरून बोलायची. मग तिच्या सुनेने तिला सांगितलं, की आपलाही हिशोब वाढतो.

प्रणोतीला मात्र या यंत्राने एक सोय करून दिली होती. तिचा फ्लॅट रेल्वे फाटकाच्या पलीकडे, नवरा अमरावतीला नोकरीला, कामाचा डोंगर. पूर्वी ती दर दोन दिवसांनी मोठ्याईकडे चक्कर टाकायची. आता ऑफिसात बसल्या बसल्या पडद्यावर ते घर उघडलं की पावलं दिसत. सकाळी न्हाणीकडे, मग स्वयंपाकघरात, मग तुळशीपाशी. उजव्या पायाचा ठोका थोडा जड, गुडघ्यामुळे. ती ओळखीची पावलं बघून तिला इतकं निवांत वाटायचं, की प्रत्यक्ष जाणं एकेक करून राहत गेलं. आहे ना, चालते-फिरते आहे, असं म्हणून ती पुढची फाईल ओढी.

एकदा तिने फोन केला तेव्हा मोठ्याईने विचारलं, "आता तं लाल नाही ना दिसत माह्यं घर?"

"नाही गं. छान हिरवं आहे."

"हिरवं म्हणजे चांगलं?"

प्रणोतीची नजर दुसऱ्याच नकाशावर होती. "हो. जितका वावर कमी, तितकं हिरवं."

"असं होय," मोठ्याई म्हणाली. "तुले काही बोलत नाही ना कोणी ऑफिसात? माह्या पायी?"

"नाही, नाही. ठेवते."

हे बोलणं ती त्याच संध्याकाळी विसरली. घर हिरवं होतं, आणि हिरव्या घराकडे कोण निरखून बघतं? हळूहळू ती पावलं उघडून बघणंही राहून गेलं. पाऊस येऊन गेला, दसरा झाला. दसऱ्याला सोनं द्यायला ती गेली ती दारातूनच, कारण साहेबांच्या घरी बैठक होती.

दिवाळीनंतर सरकारने दुसरा नियम आणला. नागपूरच्या, मुंबईच्या लोकांनी इथे घरं घेऊन नुसती कुलपं लावून ठेवली होती आणि गरजूंना भाड्याने खोली मिळत नव्हती. म्हणून ठरलं, की राहण्याच्या वस्तीतल्या घरात कुणी राहिलंच पाहिजे. जिथे सलग काही आठवडे वावर नाही, ते घर रिकामं धरायचं, पाणी तोडायचं, सील करायचं आणि नगरपरिषदेने ते गरजूंना राहायला द्यायचं. कल्पना चांगली होती. यंत्र तेच, फक्त आता ते उलट्या टोकाने वाचायचं होतं. नोटिसा यंत्रानेच काढल्या, माणसाने फक्त दारावर चिकटवल्या.

सील करायच्या घरांच्या आदेशावर सही प्रणोतीची लागे. ती एकेक क्रमांक बघत खाली आली आणि गणेश लेआउटपाशी तिचा हात थांबला. तिने क्रमांक पुन्हा वाचला. घर उघडून पाहिलं. पडद्यावर काहीच नव्हतं. न्हाणीकडे नाही, स्वयंपाकघरात नाही, तुळशीपाशी नाही. तिने मागचे दिवस उघडले, मग मागचे आठवडे. कित्येक आठवडे त्या घरात पाऊल पडलं नव्हतं.

 तिने लगेच फोन लावला.

"हॅलो," मोठ्याईचा आवाज आला, अगदी हळू.

"मोठ्याई! कुठे आहेस तू?"

"घरीच तं हावो. मी कुठी जातो?"

प्रणोती जिने उतरताना कुणाशी काय बोलली हे तिला नंतर आठवलं नाही. स्कूटर तिने मोठ्याईच्या फाटकाशी तशीच आडवी सोडली. घराचं दार नुसतं लोटलेलं होतं. ते ढकलून ती आत गेली आणि तिचा पाय मऊ कशात तरी रुतला.

सगळ्या घरभर गोधड्या अंथरलेल्या होत्या. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत, तिथून न्हाणीपर्यंत, एकावर एक, दोन-दोन, तीन-तीन घड्यांच्या. लग्नातल्या रुखवताची मऊ गोधडी, गेलेल्या मोठ्या बाबांच्या धोतरांची, प्रणोतीच्या लहानपणच्या फ्रॉकांची. स्टुलाच्या पायांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. नळाखालच्या बादलीत फडकं सोडलेलं होतं, धार वाजू नये म्हणून. मिक्सर माळ्यावर चढला होता.

मोठ्याई स्वयंपाकघरातून आली. चवड्यांवर, हात किंचित पसरून, निजलेल्या तान्ह्या लेकराजवळून आई जाते तशी. तिचा मुळीच आवाज झाला नाही.

"हळू चाल व," ती म्हणाली, "जोरात आली तू. मोजते ना ते."

"मोठ्याई, हे काय केलंस तू?"

"तूच तं म्हणली, जितकं कमी तितकं चांगलं. माह्या पायी तुह्या नोकरीले बट्टा नको. पह्यले पह्यले तरास झाला, मंग जमलं." मग तिचा चेहरा एकदम खुलला. "अन् पाह्य ना, तुमच्या ऑफिसनंच लिहून देल्लं!"

तिने देवघराशेजारच्या भिंतीकडे बोट दाखवलं. दारावर चिकटवलेली नोटीस तिने ओल्या फडक्याने अलगद सोडवून, वाळवून, आत आणून लावली होती. वरची ओळ ठळक होती : 'आपल्या घरात वावर आढळून आला नाही.' खाली बारीक अक्षरात पाणी तोडण्याचं आणि सील करण्याचं लिहिलं होतं. ते वाचण्याची तिला गरजच वाटली नव्हती. तिच्या लेखी ती शाबासकी होती. तिच्या पोरीच्या ऑफिसने तिला पास केलं होतं.

"पह्यले म्हणे लय हाये. आता म्हणे नाहीच. जमवलं का नाही मी?"

प्रणोती मटकन गोधडीवर बसली आणि रडली. दोन मुलींचा पंचनामा करताना ती रडली नव्हती. मोठ्याई घाबरून तिच्या डोक्यावरून हात फिरवत राहिली. "काय झालं व? कमी पडलं का काही?"

कसंबसं सावरून प्रणोती उठली आणि गोधड्या गोळा करायला लागली. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंतची फरशी तिने मोकळी केली. किती दिवसांनी त्या फरशीला उजेड लागला होता!

"आता चाल," ती म्हणाली. ऑफिसची बोली तिच्या तोंडातून कधी गळून पडली ते तिलाही कळलं नाही. "जशी पह्यले चालत होती तशी चाल. टाच टेकव."

"लाल होईन ना."

"होऊ दे."

मोठ्याईने पाऊल टाकलं. चवडाच टेकला. तिने पुन्हा टाकलं, पुन्हा चवडाच. तिने खाली आपल्या पायाकडे पाहिलं, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "टेकतच नाही व," ती ओशाळून हसली. "पोटरी ओढते. सवय मोडली."

प्रणोतीने तिचा हात धरला आणि तिच्या शेजारी उभी राहून आपली टाच फरशीवर आपटली. मग मोठ्याईची, मग पुन्हा आपली. दिवस कलेपर्यंत त्या दोघी त्या दोन खोल्यांतून अशा चालत राहिल्या. बाहेरून कुणी पाहिलं असतं तर दोघींना खुळं ठरवलं असतं.

सकाळी चौबळसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते खरंच हळहळले. "म्हणजे यंत्र चुकलं," ते म्हणाले.

"नाही सर. यंत्र बरोबर आहे. तिथे आवाज नव्हताच."

"मग ते एक घर वगळा आणि बाकीच्यांवर सही करा."

"बाकीची घरं बघितल्याशिवाय मी सही करणार नाही."

"सगळी? मॅडम, तुमच्या घरचं माणूस निघालं म्हणून तुम्ही अख्खी मोहीम अडवताय, असं लोक म्हणतील."

"म्हणू देत. घरचं माणूस होतं म्हणून तर मला कळलं. दुसऱ्या कुणाचं असतं तर मी कालच सही करून मोकळी झाले असते." तिने सही न केलेला आदेश टेबलावर ठेवला. "सर, आपण गावाला इतके दिवस एकच शिकवलं, की आवाज करू नका. आता कुणी आवाज करत नाही, तर आपण म्हणतो घर रिकामं आहे."

साहेबांनी आदेश उचलून फाईलमध्ये ठेवला. "मला वर कळवावं लागेल. सही नाकारली म्हणून. तुमच्या नोकरीचं काय होईल ते मी सांगू शकत नाही."

"कळवा सर."

ती पाहणीला निघाली तेव्हा स्कूटरपाशी मोठ्याई उभी होती, रिक्षा करून आलेली, काठी घेऊन. "तू नगरपरिषदेची," ती म्हणाली. "तुले पाहून दार उघडन का कोणी? मी येतो संगं."

पहिलं घर रेल्वे फाटकाजवळच्या लेआउटमधलं. प्रणोतीच्या फ्लॅटवरून रोज जाता-येता दिसणारं. अंगणात पाचोळा साचला होता, खिडक्या लावलेल्या, दारावर नोटीस. नोंदीत मालकाचं नाव होतं, कुणी निवृत्त गृहस्थ, आणि पुढे वावर शून्य. प्रणोतीने दार वाजवलं. आतून उत्तर नाही. तिने पुन्हा वाजवलं आणि दाराला कान लावला. पाऊल नाही, भांडं नाही, पंख्याची घरघरसुद्धा नाही. आधीची प्रणोती असती तर इथेच 'रिकामे' लिहून पुढे गेली असती. आताही ती क्षणभर वळलीच.

"थांब ना," मोठ्याई म्हणाली. "घाई कायची हाये? येऊन राह्यलं असंन कोणी."

"आवाज तं नाही येत."

"कसा येईन?"

मोठ्याई पुढे झाली आणि दाराशी तोंड नेऊन म्हणाली, "भाऊ, भेवू नका. आम्ही दोघी बाया हावो. सील-बील काही नाही आणलं. बसाले आलो."

दोघी थांबल्या. एक मालगाडी फाटकावरून गेली, तिचा खडखडाट विरला, तरी त्या थांबल्या. प्रणोतीने फोन बंद करून पर्समध्ये टाकला. उन्हात उभं राहून मोठ्याईचे पाय दुखत होते, पण ती हलली नाही.

मग एकाही पावलाचा आवाज न होता, दाराच्या अगदी पलीकडून, कुणीतरी कडी काढली.